भूमिगत निचऱ्याच्या कामात माझी झालेली फसवणूक

पावसाळ्यात शेताच्या खालच्या अंगाला पाणी तुंबून पिकाची मुळे कुजत होती आणि उन्हाळ्यात त्याच पट्ट्यावर पांढरे क्षार फुटत होते, म्हणून मी भूमिगत निचरा, म्हणजे जमिनीखाली पाइप टाकून जास्तीचे पाणी शेताबाहेर काढण्याची सोय, करून घ्यायचे ठरवले. फिल्टर कापड गुंडाळलेले सच्छिद्र पाइप सव्वा मीटर खोलीवर टाकायचे, दर 100 मीटरला 20 सेंटीमीटर उतार द्यायचा आणि जोडांच्या ठिकाणी चेंबर, म्हणजे पाइप तपासायला आणि धुवायला ठेवलेले छोटे हौद, बांधायचे, हे ठेकेदाराने कबूल केले. पण ते कागदावर उतरवून घेण्याची काळजी मी घेतली नाही.

पाऊस तोंडावर आल्याचे सांगून त्याने घाई केली. पुढे चर खोदला जात होता आणि मागे लगेच बुजवला जात होता. मला दाखवले गेले ते फक्त पाणी बाहेर पडते ते पाइपाचे खालचे तोंड, आणि त्यावर कापड व्यवस्थित दिसत होते. त्याच दिवशी मी सगळे पैसे चुकते केले.

सुरुवातीला तोंडातून गढूळ पाणी जोरात आले, मग धार बारीक होत गेली आणि पुढच्या हंगामात ती पार आटली. वर शेतात मात्र वाफसा येईना, म्हणजे माती मशागतीजोगी कोरडी होईना. ठेकेदाराने आधी जमीन चिकट असल्याचे कारण दिले आणि नंतर फोन घेणे बंद केले.

शेवटी एका जाणकाराला सोबत घेऊन मी तीन ठिकाणी खोदले. फिल्टर कापड तोंडापासून हातभर अंतरावरच संपले होते. पाइप कापला तेव्हा आत निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत राखाडी गाळ घट्ट बसलेला होता. बोटाने उकरला तर मेणासारखा निघत होता. लेव्हल (उंच-सखलपणा मोजण्याचे साधन) लावून पाहिल्यावर मधला भाग तोंडापेक्षाही खाली गेल्याचे कळले, म्हणजे पाणी तिथेच साचून राहत होते आणि गाळ तळाशी बसत होता. पाइप टाकण्याचे काम खालच्या तोंडाकडून वर न्यायचे असते, त्याने ते वरून सुरू केले होते. चेंबर एकही नसल्याने दाबाच्या पाण्याने पाइपाच्या ओळी धुण्याची सोयही उरली नव्हती. याहून संताप आणणारी गोष्ट म्हणजे शेवटची ओळ बांधापर्यंत पोहोचलेलीच नव्हती, बिलात मात्र तिची पूर्ण लांबी लावलेली होती.

हे काम करून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पाइपाची जात, कापड, खोली, उतार आणि चेंबरची संख्या आधी लिहून घ्या, प्रत्येक ओळीचा उतार चर उघडा असतानाच आपल्यासमोर मोजायला लावा, फोटो काढा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर निचरा नीट होतो हे पाहीपर्यंत रकमेचा मोठा हिस्सा हातचा राखा. तोंडाशी छिद्रे नसलेला टणक पाइप आणि उंदीर-घुशी आत शिरू नयेत म्हणून जाळी असलीच पाहिजे. दर पावसाळ्याआधी ते तोंड गवत आणि गाळ काढून मोकळे करावे लागते.

माझ्या काही ओळी आता नव्याने टाकून झाल्या आहेत आणि प्रत्येकीचे बांधावरच्या खुणेपासूनचे अंतर मोजून मी नकाशा करून ठेवला आहे. जुन्यापैकी दोन ओळी अजून तशाच गाळाने भरलेल्या जमिनीखाली आहेत.