रांग नाही, पण राइडही नाही
वॉटर पार्कचं नाव घेत नाही, वडोदऱ्याहून गाडीने तासाभरावर आहे, आमच्या दांडिया बाजारातली निम्मी मंडळी जाऊन आलीयेत. रविवार असून पार्किंग अर्धं रिकामं, पोरं खूश की रांगच नाही, पण आत गेल्यावर कळलं रांग का नाही ते, मोठ्या राइड्सना दोरी बांधलेली आणि विचारलं तर "मेंटेनन्स चालू छे", बस. आता मे 2024 मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागली त्यानंतर तपासण्या कडक झाल्या, त्यासाठी राइड बंद असेल तर तक्रार नाही, उलट बरंच. पण मग तिकीट पूर्ण का घेता? खिडकीवर बोर्ड तरी लावा! स्लाइडच्या ट्यूबला तर पंक्चरवाल्याकडची ठिगळं, एक माझ्या हाताखालीच सुटत होतं. आईच्या दशम्या गेटवर काढून ठेवायला लावल्या आणि आतली पावभाजी गारढोण. 2018 ला अशा पार्कच्या तिकिटांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला तेव्हा वाटलेलं तिकिटं उतरतील, कसलं काय. लहान पोरं असतील तर सरळ वडोदऱ्यातल्या कमाटी बागेत न्या, सयाजीरावांच्या काळापासून आहे, झाडाखाली बसून डबा तरी खाता येतो. दोन स्टार, त्यातला एक वेव्ह पूलवरच्या लाइफगार्डचा, भर उन्हात उभा होता बिचारा पण नजर पोरांवरून हलली नाही.