मोर्शी-वरुड रस्त्यावरचं ज्यूस सेंटर: संत्र्याचा रस आणि चण्याचं हमस

मोर्शीहून वरुडकडे निघालं की संत्र्याच्या बागेला लागूनच हे ज्यूस सेंटर दिसतं. रसाचा २०० मिलिचा ग्लास ४० रुपये. यंदा पाटीवर नवीन नाव चढलं, 'हमस', ८० रुपये प्लेट. मी अंगणवाडी सेविका. कोणाच्या ताटात काय पडतं हे पाहायची सवयच लागली आहे. म्हणून दोन दिवस, सकाळी नुसत्या चहावर निघून, अकराच्या सुमारास एकदा रस आणि एकदा हमस घेऊन पाहिलं.

रसाच्या चवीला तोड नाही. आंबिया बहाराची संत्री डोळ्यांदेखत सोलतात, एका ग्लासाला तीन-चार लागतात. पोरगा वरून साखर टाकायला लागला तेव्हा मी हात धरला. २०० मिलि रसात फळाचीच साखर जवळजवळ २० ग्रॅम असते, म्हणजे पाच लहान चमचे. प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम. चोथा गाळणीत राहतो आणि गोठ्यात जातो, म्हणजे तंतूही गेलेच. उरतं ते क जीवनसत्त्व, साधारण ६० मिलिग्रॅम, आणि ते खरंच मोलाचं आहे. पण साडेबाराला मला कडकडून भूक लागली.

हमस म्हणजे शिजवलेले काबुली चणे, तीळ, लसूण, लिंबू आणि तेल यांचं मऊ वाटण. अरब देशांकडचा पदार्थ, इथे मात्र ज्वारीच्या भाकरीच्या तुकड्यांसोबत देतात आणि ते फार जमलं आहे. पहिला घास मला फिका लागला, आपली जीभ तिखटाची. तिसऱ्या घासापासून आवडलं. १०० ग्रॅम हमसात ७-८ ग्रॅम प्रथिनं, ५-६ ग्रॅम तंतू आणि साखर नावालाच. तीळ-तेलामुळे उष्मांक रसाच्या दुपटीहून जास्त, दोनशेच्या आसपास. तेल पाहून घाबरणाऱ्या बायांना मी सांगेन, घाबरू नका, ते पोटाला धरून राहतं. मला दोन वाजेपर्यंत जेवणाची आठवण झाली नाही.

माझ्या घरच्यांना शुगर आहे. 'फळाचंच तर आहे' म्हणून ते रोज रस घेत. आता मी तो बंद केला. सबंध संत्रं, फोडीच्या सालीसकट, खाऊ देते. हमस चालतं, त्यातल्या तंतूंमुळे आणि प्रथिनांमुळे साखर हळू चढते.

एक तक्रार आहे. हमसात मीठ फार. बीपीवाल्यांनी आधीच सांगून ठेवावं.

चण्यात लोह असतं, पण धान्य-कडधान्यांतलं लोह अंगी कमी लागतं, सोबत क जीवनसत्त्व असलं की जास्त लागतं. आमच्या गावात गरोदर बायांचं, वयात आलेल्या पोरींचं रक्त तपासलं की ते कमी भरतं आणि दर वेळी काळजी वाटते. म्हणून मालकांना म्हटलं, भाऊ, प्लेटीत सोललेलं अर्धं संत्रं ठेवा. ते म्हणाले, "ताई, इथं संत्र्याले कोन पैसे देईन? सगळ्याइच्या घरी हाय." बरोबर आहे त्यांचं. पण घरचं संत्रं व्यापाऱ्याच्या गाडीत जातं आणि पोरीच्या हातात पडत नाही, हेही मी रोज पाहते.

घरी करून पाहिलं. पावभर चणे रात्री भिजवले, सकाळी कुकरला मऊ शिजवले, भाजलेले तीळ, लिंबू, फल्लीचं म्हणजे शेंगदाण्याचं तेल, हिरवी मिरची आणि वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. पोरांनी पोळीला लावून संपवलं. दुकानातलं जास्त गुळगुळीत असतं, चव मला घरचीच आवडली.

जाणार असाल तर दुपारच्या आत जा. चण्याचं वाटण उन्हाळ्यात लवकर आंबतं, संध्याकाळी उरलेलं घेऊ नका.