चलान होतं, भरणा नव्हता

घाटंजी तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध. २०२२ च्या खरिपाआधी दुकान टाकलं आणि जीएसटीचं सगळं एका माणसाच्या हवाली केलं. बाजारात त्याला सगळे वकीलसाहेब म्हणत. तो वकील नव्हता हे मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हा त्याने काही फरकही पडणार नव्हता.

महिन्याच्या १५-१६ तारखेला तो यायचा, बिलबुकं चाळायचा, चहा प्यायचा आणि आकडा सांगायचा. मी रोख द्यायचो. दोन दिवसांनी चलानाची प्रिंट घेऊन यायचा, ती मी पंच करून फाइलला लावायचो. आमच्या धंद्यात माल उधारीवर जातो, पैसे कापूस विकल्यावर येतात. पण बिल फाटलं की जीएसटी लागलाच, उधारी वसूल होवो न होवो. म्हणजे जूनपासून दिवाळीपर्यंत मी खिशातून भरत होतो. निदान मला तसं वाटत होतं.

जानेवारी २०२५ मध्ये सीसी, म्हणजे धंद्यासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा, वाढवून घ्यायला बँकेत गेलो. मॅनेजर मॅडमनी रिटर्न मागितले, मी मोठ्या दिमाखात फाइल पुढे केली. त्यांनी पहिल्याच चलानावर बोट ठेवलं. "भाऊ, यावर सीपीआयएन आहे, सीआयएन कुठे आहे?" सीपीआयएन म्हणजे नुसतं चलान तयार केल्याचा नंबर. तो कोणीही घरबसल्या काढू शकतो आणि १५ दिवसांत बाद होतो. पैसे जमा झाले तरच १७ अंकी सीआयएन पडतो. त्याच कागदावर चलानाची मुदत संपण्याची तारीखही छापलेली होती. पैसे भरलेल्या चलानाची मुदत कशाला संपेल? अडीच वर्षं हा कागद माझ्याच कपाटात होता, मी एकदाही वाचला नाही.

जीएसटीच्या पोर्टलवर लॉगइन करायला गेलो तर ओटीपी माझ्या फोनवर येईना. नोंदणी करताना त्याने मोबाइल आणि ईमेल स्वतःचे टाकले होते. यवतमाळच्या जीएसटी कार्यालयात पॅन, आधार आणि दुकानाचे कागद घेऊन अर्ज दिला, तेव्हा साहेबांनी नंबर बदलून दिला. आत पाहिलं तर २०२२-२३ आणि २०२३-२४, दोन्ही वर्षांचे सगळे ३बी, म्हणजे विक्री आणि कर दाखवायचे रिटर्न, शून्याचे. विक्री शून्य, कर शून्य. रिटर्न वेळेवर गेलेले, त्यामुळे नोंदणीही रद्द झाली नाही आणि बोंबही झाली नाही. नोटिसांच्या खान्यात आधी आलेली एएसएमटी-१०, म्हणजे रिटर्नमधल्या तफावतीचा खुलासा मागणारी नोटीस, तिला उत्तर नाही. तिच्या वर डीआरसी-०१, म्हणजे २०२२-२३ चा कर मागणारी नोटीस, कलम ७४ ची (मुद्दाम कर बुडवल्याचं), ११ दिवसांपूर्वीची. कंपन्यांनी आणि होलसेलवाल्यांनी मला विकलेला माल त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवलाच होता. एवढी खरेदी आणि विक्री शून्य, मग खात्याला संशय येणारच.

खरा मार तर पुढेच होता. २०२२-२३ मध्ये औषधावर १८ आणि खतावर ५ टक्क्यांनी माझ्या विक्रीवरचा कर ५ लाख ३२ हजार. खरेदीवर भरलेला ४ लाख ९१ हजार वजा जाता मी द्यायचे होते ४१ हजार. तेवढेच त्याने माझ्याकडून घेतले आणि खाल्ले. पण शून्याच्या रिटर्नमध्ये ते ४ लाख ९१ हजारांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, घेतलंच गेलं नव्हतं, आणि त्या वर्षाचं क्रेडिट घ्यायची मुदत ३० नोव्हेंबर २०२३ ला संपली होती. त्यामुळे पूर्ण ५ लाख ३२ हजार माझ्या डोक्यावर. त्यावर १८ टक्क्यांनी व्याज, सव्वादोन लाखांच्या आसपास.

त्याला फोन केला. म्हणतो, "भाऊ, तुम्ही काऊन टेन्शन घेता? दीड लाख द्या, साहेबाले मी पाहून घेतो." खरं सांगतो, एक रात्र मी त्यावर विचार केला. सकाळी यवतमाळचा सीए गाठला. तो म्हणाला, नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांत कर आणि व्याज भरलं तर दंड २५ टक्के. नाही तर ऑर्डर निघेल, मग तिच्या मुदतीत भरलं तर ५० टक्के, तीही मुदत चुकली तर १०० टक्के. हप्ते बांधून मागायचे तर ते ऑर्डर निघाल्यावर, तोवर दंड वाढलेला. "माझ्या माणसाने फसवलं" हे सांगून पाहिलं. जीएसटीच्या साहेबांचं उत्तर एकच, रिटर्न तुमच्या नावाचं आहे. हातात १९ दिवस होते. बायकोचं सोनं बँकेत ठेवलं, बाकीचे सासऱ्यांनी दिले. व्याज-दंड धरून नऊ लाखांच्या घरात गेलं.

पोलिसात तक्रार दिली आहे. व्यवहार २०२२ चा म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेतलं ४२०. पुरावा विचारला तेव्हा माझ्याकडे फोनपेचे फक्त दोन व्यवहार निघाले, बाकी सगळं रोख. पावती मागायला लाज वाटायची, चहा पाजलेल्या माणसाला पावती काय मागायची म्हणून.

त्याच्याकडे तालुक्यातले आणखी दुकानदार आहेत, म्हणून हे लिहितोय. आज फाइल काढा आणि सीआयएन शोधा. पोर्टलवर रिटर्न "फाइल्ड" दिसलं म्हणून निवांत राहू नका, माझेही फाइल्डच दिसत होते. आतला आकडा उघडून पाहा. नोंदणीत नंबर कोणाचा आहे ते तपासा. २०२४-२५ चं क्रेडिट मला वाचवता आलं. २०२३-२४ ची नोटीस मात्र अजून यायची आहे. ती यायच्या आत डीआरसी-०३ या फॉर्मने आपणहून भरलं तर दंड १५ टक्क्यांवर थांबतो. त्यासाठी दीड एकर वावर विकायला काढलंय, आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागतंय.