कावेरीकाठी मुक्काम कुठे करावा: श्रीरंगम की कुंभकोणम?

कावेरीकाठच्या देवळांना निघालेला मराठी माणूस तंजावर आधीच ठरवून निघतो, आणि ते योग्यच आहे. राजराजा चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं बृहदीश्वर मंदिर आणि त्याच मंदिरात सरफोजी राजांनी १८०३ मध्ये मराठीत कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास आपण एकदा तरी समोर उभं राहून पाहायला हवा. अडतं ते मुक्कामापाशी. तंजावरच्या एका अंगाला साधारण ५५ किलोमीटरवर तिरुची, दुसऱ्या अंगाला ४० किलोमीटरवर कुंभकोणम. मी आईला घेऊन दोन्हीकडे राहिलोय, त्या अनुभवावरून सांगतो.

तिरुचीला जायचं ठरलं तर खोली शहरात घेऊ नका, श्रीरंगमलाच घ्या. कावेरी आणि तिचा फाटा कोळ्ळिडम यांच्या मधल्या बेटावर रंगनाथाचं मंदिर आहे. सात प्राकार, म्हणजे एकात एक तटबंद आवारं, १५६ एकर. बाहेरच्या प्राकारांमध्ये चक्क गाव नांदतंय: घरं, फुलवाले, भाजीवाले, खानावळी. २३६ फुटांचं राजगोपुर १९८७ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे काम किती शतकं रेंगाळलं ते बघा. इथे राहायचं म्हणजे देवळातच राहायचं. पहाटे बाहेर पडलो तेव्हा दारोदारी सडा पडून कोलम काढणं चाललं होतं. तांदळाच्या पिठाची चिमूट बोटांतून अशी सुटत होती की आई तिथेच थबकली. सकाळच्या रांगेत दर्शन हुकलं तरी बिघडत नाही, संध्याकाळी पुन्हा जाता येतं.

त्रास आहे तो चालण्याचा. आत अनवाणी जावं लागतं आणि अकराच्या पुढे दगड पोळतात. जाड सुती मोजे बरोबर ठेवा. तिरुचीच्या रॉकफोर्टवर उच्ची पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, चारशेहून जास्त पायऱ्यांवर बसलाय. गुडघे दुखत असतील तर श्रीरंगमच्या अम्मा मंडपम घाटावरून पैलतीरी तो खडक दिसतो, तिथूनच हात जोडावेत. आईने तेच केलं.

बाकीची देवळं दुपारी बंद होऊ लागतात तेव्हा जवळच्या तिरुवानैक्कावलला जा. पंचमहाभूतांपैकी जलतत्त्वाचं लिंग ते हेच; गाभाऱ्यात पाणी कायम झिरपत असतं. माध्यान्हीला पुजारी अखिलांडेश्वरीचं लुगडं नेसून, मुकुट घालून येतात आणि देवीच्या वतीने जंबुकेश्वराची पूजा करतात. सगळ्या प्रवासात माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलं ते हे.

कुंभकोणमचा बाज वेगळा. इथे एकच प्रचंड देऊळ नाही. कुंभेश्वर, सारंगपाणी, चक्रपाणी, रामस्वामी अशी गावभर देवळं, आणि भोवती नवग्रहांची नऊ ठिकाणं. ती यादी घेऊन निघालात तर दुपारी १२ ते ४ च्या बंद दारांपुढे दिवस वाया जाईल. पत्रिकेसाठी करायचंच असेल तर करा. नाहीतर तो वेळ दारासुरमला द्या. राजराजा दुसरा याने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वर मंदिर गावापासून चार-पाच किलोमीटरवरच आहे. तिथे एका शिल्पात बैल आणि हत्तीला मिळून एकच डोकं आहे. तळहाताने एक धड झाका, बैल दिसतो; दुसरं झाका, हत्ती. स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती घडवणारे स्थपती आजही आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर मातीचा लेप देतात, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात. गोविंदपुरमला तर विठ्ठल-रुखमाईचं मोठं मंदिर आहे. तमिळ मंडळींच्या तोंडून तुकोबांचा अभंग ऐकताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी, म्हणजे तिकडची दाट दुधाची फिल्टर कॉफी, ती चुकवू नका.

गैरसोयी इथेही आहेत. विमानतळ तिरुचीचाच, तिथून रस्त्याने दोन-अडीच तास लागतात. देवळं विखुरलेली असल्याने दिवसभरासाठी गाडी करावी लागते, तो खर्च श्रीरंगमला बराच वाचतो.

माझं मत विचाराल तर दोनच रात्री असतील, पहिलीच खेप असेल, तर श्रीरंगम. तीन रात्री किंवा जास्त असतील, शिल्पांची ओढ असेल, तर कुंभकोणम, आणि तंजावर तिथूनच करा. आईला विचारलं तर ती गोविंदपुरममुळे कुंभकोणमच म्हणते.

दोन्हीकडे डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. मात्र मार्गळीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या तमिळ महिन्यात, वैकुंठ एकादशीला श्रीरंगमला पाऊल ठेवायला जागा नसते, खोली फार आधी धरा. उन्हाळ्यात कावेरीत नुसती वाळू दिसते. आणि नाशिकचा सिंहस्थ ज्या गुरूच्या सिंह राशीतल्या वास्तव्यामुळे येतो, त्याच योगावर कुंभकोणमचा महामहम हा स्नानाचा उत्सव येतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये. त्या स्नानासाठी जायचं नसेल तर ते दिवस टाळा.