मालवेअरबाइट्स (व्हायरस शोधून काढणारं सॉफ्टवेअर), फुकटवालं व्हर्जन, पाचात चार स्टार

पुतण्याने माझ्या लॅपटॉपवर गेमचा कसलातरी मॉड (गेममधे फेरफार करणारी फाईल) टाकला. झिप फाईल, तिला पासवर्ड, आणि वर सूचना काय तर इन्स्टॉल करायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा. झिपला पासवर्ड असला की अँटिव्हायरसला आतलं दिसत नाही, म्हणून तर लावतात, पण चौदा वर्षांच्या पोराला हे कोण सांगणार, साहेबांनी ॲडमिनच्या प्रश्नालाही येस दाबलं.

दोन दिवसांनी काही उघडलेलं नसताना फॅन नुसता घोंघावायला लागला. डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) क्विक स्कॅन मारला तर सगळं हिरवं, थ्रेट नाही. कोपऱ्यावरच्या दुकानवाल्याने मशीन न बघताच "फॉरमॅट मारावा लागेल, दीड हजार" म्हणून सांगितलं. म्हटलं थांबा जरा.

टास्क मॅनेजरमधे एसव्हीसीहोस्ट नावाच्या विंडोजच्याच ढीगभर प्रोसेस असतातच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण त्यातली एक सारखी सीपीयू खात होती. राइट क्लिक करून ओपन फाईल लोकेशन केलं तर ती खरी असते त्या विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमधून नाही, ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमधून चालत होती. मग डिफेंडरचं एक्सक्लूजन्स (स्कॅनमधून वगळायची यादी) उघडलं आणि कपाळावर हात मारला, अख्खा सी ड्राइव्ह तिथे टाकलेला!! म्हणजे वॉचमनलाच सुट्टी देऊन ठेवलेली, स्कॅन हिरवा नाही येणार तर काय.

आधी ते एक्सक्लूजन काढलं. मग मालवेअरबाइट्स त्यांच्याच साईटवरून घेतलं (सर्चमधल्या जाहिरातीवरून घेऊ नका, तिथे डुप्लिकेट बसलेले असतात). स्कॅनला चहा होऊन गार व्हायला लागेल एवढा वेळ गेला, नऊ गोष्टी सापडल्या, सगळ्या क्वारंटाइन करून (म्हणजे अडकवून बाजूला ठेवून) रीस्टार्ट. नंतर खात्रीसाठी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन, तो विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतो, पंधराएक मिनिटं लागतात, त्यामुळे लपून बसलेल्याला पळायला जागा राहत नाही. शेवटी ऑटोरन्समधे (विंडोजमधे आपोआप काय काय सुरू होतं ते दाखवणारं टूल) एक शेड्यूल्ड टास्क पिवळी दिसली, म्हणजे मूळ फाईल गेलेली पण नोंद मागे राहिलेली, ती हाताने उडवली. फॅन शांत.

एक स्टार का कापला? फुकटवालं तुम्ही स्कॅन मारलात तरच काम करतं, राखण करत नाही. सुरुवातीला १४ दिवस प्रीमियमची ट्रायल देतात, ती संपली की परत साधं. त्यामुळे डिफेंडर चालूच ठेवायचा, हे साफसफाईपुरतं.

आणि ट्रोजन (सोंग घेऊन आत शिरलेला व्हायरस) काढून टाकला तरी ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड तोवर बाहेर गेलेले असू शकतात, कुकीज (लॉगिनची खूण ठेवणाऱ्या फाईली) गेल्या तर ओटीपीशिवायही आत शिरता येतं. मी सगळे पासवर्ड फोनवरून बदलले, मेलवर सगळीकडून साइन आउट केलं. पुतण्याचं गेमचं अकाउंट मात्र तोपर्यंत कोणीतरी पळवलेलं. त्याला अजून वाटतंय की काकानेच स्कॅन करताना डिलीट केलं.