निर्गुंडीच्या ‘चाचणी’चे पैसे मागितले, तर थांबा

वनौषधीची चाचणी चालू आहे असं सांगून संधिवाताच्या रुग्णांना लुबाडणारी माणसं शिबिरं भरवतात. आमच्या सासूबाई त्यात सापडल्या, म्हणून हे लिहिते आहे.

त्यांना जुना आमवात. सकाळी बोटं इतकी आखडतात की मूठ वळत नाही. शिबिरात सांगितलं, निर्गुंडीवर संशोधन चालू आहे, निवडक रुग्णांनाच औषध मिळेल. निर्गुंडीचा पाला शेकून गुडघ्याला बांधणं आमच्याकडे घरोघरी चालतं, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. छापील फॉर्म होता, वर पेनाने रुग्ण क्रमांक घातलेला, दुखणं शून्य ते दहामध्ये किती ते भरायला चौकटी. नोंदणीचे साडेचार हजार घेतले. डब्याचे पैसे वेगळे.

चूर्ण सुरू केलं आणि सूज झरझर उतरली. सासूबाई कित्येक दिवसांनी पोळ्या लाटायला बसल्या. घरात केवढा आनंद! हळूहळू चेहरा मात्र गोल, फुगीर दिसू लागला, साखर वाढली. शेवटचा डबा संपत आला तेव्हा त्या लोकांचे फोन बंद. चूर्ण थांबलं तशा उलट्या सुरू झाल्या, बीपी उतरलं, त्यांना उठवेना. लेबल नसलेला डबा बघूनच डॉक्टरांनी स्टेरॉइडचा संशय बोलून दाखवला. सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, फारच कमी निघालं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं, आणि ते एकदम तुटलं तर जिवावर बेतू शकतं.

यात झाडपाल्याचा दोष नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवातावर गुळवेल, सुंठ, शल्लकी, गुग्गुळ अशा औषधांची रीतसर चाचणी केली. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. ४४० रुग्ण, २४ आठवडे. गुण आला हे त्यांनी छापलं, तसं काही जणांचं एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) वाढलं हेही छापलं. प्रामाणिक संशोधन असं असतं.

अशा चाचणीत तपासायच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. आपल्या भाषेत माहितीपत्रक आणि संमतीपत्र देतात, त्यावर नीतिसमितीचा (रुग्णांच्या हितासाठी चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा) संपर्क असतो, कधीही बाहेर पडायची मुभा असते. सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक विचारा. तो कुणालाही इंटरनेटवर फुकट तपासता येतो. आमच्या फॉर्मवर यातलं काहीही नव्हतं. तो फॉर्म, पावती आणि डब्यात उरलेलं चूर्ण आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत दिलं आहे.

तुमच्या घरी कुणी असं बिनलेबलचं चूर्ण घेत असेल, तर घाबरून एका झटक्यात बंद करू नका. आजच डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. सासूबाईंना डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन, त्यांचा डोस थोडा थोडा कमी करत सोडवावं लागलं.