मॉडेल टी चं किट आणि परभणीचा उन्हाळा

घेऊ का नको, घेऊ का नको असं दोन महिने चाललं होतं, शेवटी घेतलंच. 1913 च्या फोर्ड मॉडेल टी या जुन्या मोटारीचं, सुटे पार्ट जोडून बनवायचं प्लास्टिकचं किट, 1:24 स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं, शिपिंग धरून 2,900 ला पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढं जी बोंब झाली त्यातली निम्मी माझीच आहे, उगं कुणाच्या नावावर कशाला.

बॉक्स चांगला, पार्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, तुटलेलं काहीच नव्हतं. खऱ्या गाडीत पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत 100 इंच अंतर, इथं ते सव्वाचार इंचाला थोडं कमी. एवढ्याशा जागेत काय काय बसवलंय बघा, ड्रायव्हरच्या पायाशी तीन पेडल आहेत, पिनच्या डोक्याएवढे. आणि त्यातला एकही अ‍ॅक्सिलरेटर नाही! डावा क्लच आणि गिअरचा, मधला रिव्हर्सचा, उजवा ब्रेकचा, रेस द्यायचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. मला हे माहीतच नव्हतं, मी ब्रेक क्लच आपल्या मारुतीसारखे समजून बसवू लागलो होतो, मग चित्र नीट पाहिलं. पायरीवर एक छोटा गोल डबा पण आहे, तो दिव्यासाठी कार्बाइडचा. आंबे पिकवायला वापरतात तेच कार्बाइड, त्यावर पाणी पडलं की गॅस सुटतो आणि त्या गॅसवर हेडलाइट पेटायचे. आमचे आबा त्या डब्याकडं पाहून म्हणले, "आता हे काय, उंदराचं औषध ठेवायचं का?"

आता चाकं. हा या किटचा सगळ्यात भारी आणि सगळ्यात बेकार भाग. बैलगाडीसारखे लाकडी आरे, चाकाला बारा, म्हणजे चार चाकांचे अठ्ठेचाळीस, आणि पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात त्या फ्रेमला ते जिथं जोडलेत ती जागा आऱ्यापेक्षा जाड. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो आपण, पण गावात मॉडेलचा कटर मिळंना, मग मी शहाण्यासारखं नेलकटरनं कापलं आणि एक आरा टचकन गेला. तुम्ही असं करू नका, आधी फ्रेम लांबून कापा, मग उरलेलं वॉटर पेपरनं हळूहळू घासा. तुटलेला आरा तामिया या मॉडेलवाल्या कंपनीच्या एक्स्ट्रा थिन सिमेंटनं जोडला, हिरव्या झाकणाची 40 मिली ची बाटली येते ती. हे चिकटवत नाही, प्लास्टिकच थोडं विरघळवून एकजीव करतं, सांध्याला नुस्ता ब्रश टेकवला की आपोआप आत ओढलं जातं. पैसे वसूल. समोरच्या काचेला मात्र ते लावू नका आणि इन्स्टंट ग्लू तर अजिबात नको, त्याच्या वाफेनं काच पांढरी पडती. पांढरा फेविकॉल लावा, वाळला की पारदर्शक.

रंगाचं सांगायचं तर मला वाटलं काळीच तर करायचीय, त्यात काय. मायला तिथंच फसलो. चकचकीत काळ्यावर धुळीचा एकेक कण दिसतो, बोटाचा ठसा दिसतो, माशी बसून गेली ती पण दिसती. त्यात मी हे काम काढलं मे महिन्यात, दुपारी, 43 डिग्रीत. स्प्रेचा रंग गाडीपर्यंत पोचायच्या आधी हवेतच वाळू लागला आणि बॉडीवर सगळी रवाळ पूड बसली, हात फिरवला तर सांज्यासारखं लागलं. फोर्डच्या कारखान्यात काळा रंग डांबरापासून केलेला असायचा आणि भट्टीत भाजून पक्का करायचे, हे मी वाचलं होतं, म्हणून काय गच्चीवरच्या पत्र्यालाच भट्टी समजायचं का? मी समजलो. चेसिस आणि पायऱ्या तिथं वाळत ठेवल्या, तासाभरानं पाहतो तर एक पायरी पापडासारखी वर आलेली. गरम पाण्यात बुडवून, दोन वह्यांमधी दाबून कशीबशी सरळ केली, उजव्या बाजूनं बघू नका म्हणजे झालं.

मग जिंतूर रोडवर डेंटिंग-पेंटिंगचा एक भाई आहे, त्याच्याकडं नेली. आधी तो हसला, "इत्तीसी गाडी?" मग लई प्रेमानं सांगितलं, पहिले साबणानं धू, जमिनीवर पाणी मार म्हणजे धूळ बसती, आणि सकाळी सहाच्या आत काम उरक. गाडीच्या रंगात घालायचं एनसी थिनर पण फुकट देत होता, ते घेतलं नाही कारण त्यानं किटचं प्लास्टिकच गळतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीत पाणी मारून तिथंच पातळ पातळ तीन कोट दिले आणि काय शाईन आली राव!

रेडिएटर पितळी आहे, मॉडेल टी ला 1916 पर्यंत पितळीच यायचा. नुस्ता सोनेरी मारला तर लग्नातल्या नकली हारासारखा दिसतो. सोनेरीत थेंबभर तांब्याचा रंग, वाळल्यावर वरून पातळ तपकिरी पाणी फिरवलं, आता समई घासायच्या आधी दिसती तसा दिसतोय.

कंपनीवर माझा राग एकच. बॉक्सवर गाडी काळी, रंगाच्या तक्त्यात पण फक्त काळी. फोर्डनं फक्त काळाच रंग द्यायला सुरुवात केली 1914 ला आणि ते 1925 पर्यंत चाललं, त्याच्या आधी लाल, हिरव्या, निळ्या, राखाडी निघायच्या. मग 1913 च्या किटात हा तक्ता कामून? हे मला कळलं कधी, तर तिसरा कोट वाळल्यावर. आता खरवडायची ताकद नाही, राहू दे काळीच.

पाचपैकी चार. पहिलंच किट असेल तर हे घेऊ नका, आऱ्यातच दम निघंल, आणि लेकराला वाढदिवसाला तर मुळीच देऊ नका. दोन-चार गाड्या हातावेगळ्या केल्या असतील तर खुशाल घ्या, पण मागवा दिवाळीनंतर. शोकेससाठी वेगळा खर्च नको, अर्धा किलो मिठाईचा पारदर्शक डबा उलटा ठेवला की बरोबर बसती, फक्त तुपाचा हात नीट धुऊन घ्या.